देऊळ आपलं, दप्तर कायद्याचं: नाशिकच्या विश्वस्तांसाठी धर्मादाय कारभाराची वाट

काही वर्षांपूर्वी आमच्या पंचवटीतल्या मारुतीच्या देवळाचं पत्र्याचं छत बदलायचं ठरलं. खात्यात पैसे होते, मिस्त्री ठरला होता. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, "धर्मादायची परिशिष्ट एकची चालू नक्कल आणा, त्याशिवाय सह्या बदलता येणार नाहीत." नक्कल, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा, काढली. तिच्यावर पाच विश्वस्तांची नावं होती आणि पाचही जण वारलेले. शेवटचा बदल नोंदला होता १९८८ साली. त्यानंतर देवळात तीन अध्यक्ष झाले, दर हनुमान जयंतीला भंडारा झाला, वहीत जमाखर्चही लिहिला गेला. पण कायद्याच्या नजरेत त्या देवळाला वालीच नव्हता. छत पुढचे दोन पावसाळे गळत राहिलं आणि गाभाऱ्यात मूर्तीच्या पायाशी आम्ही परात ठेवत होतो.

मी वकील नाही. देवळाचा चिटणीस आहे. त्या दोन पावसाळ्यांत धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या इतक्या वेळा चढलो की आता शेजारच्या गल्लीतली, गंगेपलीकडची (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), अगदी सिन्नर-दिंडोरीकडची मंडळीही विचारायला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

आधी एक गैरसमज दूर करू

देवळात येणारे लोक दोन टोकाचं बोलतात. एक म्हणतो, "सरकारचा देवळाशी संबंधच काय?" दुसरा म्हणतो, "सगळी देवळं सरकारच्या ताब्यात आहेत." दोन्ही खरं नाही.

घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि त्याच कलमात धर्माशी जोडलेल्या आर्थिक व इतर ऐहिक व्यवहारांवर कायदा करायचा अधिकार सरकारला दिला आहे. कलम २६ मध्ये धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबी स्वतः चालवायचा हक्क आहे. मालमत्ता ठेवायचाही आहे, पण तिचा कारभार मात्र 'कायद्यानुसार' करायचा आहे. काकडआरती किती वाजता, नैवेद्य कशाचा, अभिषेक कुणी करायचा हे विचारायला कुणी अधिकारी येणार नाही. दानपेटीत किती निघाले, जमीन कुणाला भाड्यानं दिली, विश्वस्त कोण आणि ते कसे नेमले, हे मात्र विचारलं जाणार.

ही रेघ आपल्याच राज्याच्या कायद्यावर आखली गेली आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये आला. आज तोच 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम' म्हणून ओळखला जातो. त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. नोंदणी, हिशोब, तपासणी हे सगळं कोर्टानं योग्य ठरवलं. पण देवळाचा किंवा मठाचा विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्तालाच नेमण्याची तरतूद रद्द केली. देवासाठी दिलेला पैसा भलत्याच कामाकडे वळवण्याची मुभाही कोर्टानं काढून घेतली. थोडक्यात, कार्यालय हिशोब मागू शकतं, गादीवर बसू शकत नाही.

शिर्डी (२००४), प्रभादेवीचा सिद्धिविनायक (१९८०), पंढरपूर (१९७३) यांच्यासाठी विधिमंडळानं स्वतंत्र कायदे केले आहेत आणि तिथल्या समित्यांच्या नेमणुकीत सरकारचा हात असतो. ती मोजकी उदाहरणं बघून आपल्या आळीतल्या देवळाबद्दल अंदाज बांधू नये. मशिदी, दर्गे, कब्रस्तानं यांच्या वक्फ मालमत्तेला वक्फचा वेगळा केंद्रीय कायदा लागतो. इथून पुढे जे सांगतो ते १९५० च्या कायद्याखाली येणाऱ्या देवळांसाठी आणि मठांसाठी. जैन मंदिरं आणि चर्चसुद्धा त्यातच येतात.

देऊळ खासगी की सार्वजनिक?

जुन्या नाशकात वाड्याच्या चौकात देवघर असतं. पुढे त्याचं देऊळ होतं आणि गल्लीतले लोक संकष्टीला येऊ लागतात. वाडा पाडून इमारत बांधायची वेळ आली की घरचे म्हणतात "आमचं देवघर", गल्ली म्हणते "आमचं देऊळ".

याचा निकाल भावनेवर लागत नाही. देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात १९५६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेल्या कसोट्या आजही लावतात. देऊळ घराच्या आत आहे की वेगळ्या जागेवर? लोक हक्कानं येतात की घरच्यांच्या परवानगीनं? लोकांचा पैसा त्यात लागला का? उत्सव कुणाच्या खर्चानं होतात? पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याकडे पूजा आहे, एवढ्यावरून देऊळ खासगी ठरत नाही. त्या निकालातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे देवस्थानाचा खरा लाभार्थी मूर्ती नसून तिथे भक्तीला येणारा माणूस आहे.

वाद झालाच तर हा प्रश्न ठरवण्याचं काम १९५० च्या कायद्याच्या कलम १९ आणि ७९ प्रमाणे उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांचं आहे. थेट दिवाणी कोर्टात धावू नका, कलम ८० आडवं येतं.

आजोबांनी नोंदणी करून ठेवली आहे का ते बघा

नव्यानं अर्ज करण्याआधी हे काम करा. जुन्या देवळांपैकी कितीतरी देवळं कायदा लागू झाल्यावरच्या पहिल्या वर्षांतच नोंदलेली आहेत आणि आजच्या मंडळींना त्याचा पत्ताच नसतो. नोंदणी क्रमांकाच्या आधी अक्षर असतं: हिंदू न्यासांना (ट्रस्टना) 'ए', नोंदणीकृत संस्थांना 'एफ'. जुन्या पावतीपुस्तकावर, पितळी पाटीवर, लाइट बिलाच्या फाइलीत 'ए-' आणि पुढे आकडा असं काही दिसतंय का बघा. आमचा क्रमांक मिळाला तो समईच्या बुडाशी कोरलेला. ती समई १९६० च्या दशकात कुणीतरी देवळाला दिली होती.

क्रमांक मिळाला की नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट १ च्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. हीच ती पी.टी.आर.ची, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीची, नक्कल. तिच्यात न्यासाचं नाव, विश्वस्तांची नावं, विश्वस्त नेमण्याची पद्धत, उद्देश, स्थावर-जंगम मालमत्ता आणि वेळोवेळी झालेले बदल असतात. ही नक्कल सावकाश वाचा. 'विश्वस्त नेमण्याची पद्धत' हा रकाना तर तीनदा वाचा. तिथे 'वंशपरंपरेने' लिहिलंय, 'गावकऱ्यांच्या सभेत बहुमताने' लिहिलंय की 'उरलेल्या विश्वस्तांनी निवडावे' लिहिलंय, यावर तुमची पुढची सगळी लढाई अवलंबून असते.

जागा कुणाची?

सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रक उतारा काढा. चार प्रकार सर्रास दिसतात.

जागा देवाच्या नावावर असेल तर उत्तम. मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो, तिच्या नावे जमीन राहू शकते. जागा पुजाऱ्याच्या किंवा गुरवाच्या नावावर लागली असेल तर लक्ष घाला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव, पुजारी हा देवाच्या वतीनं सांभाळणारा, मालकीच्या रकान्यात त्याचं नाव लागायची गरज नाही. हे गुरवांच्या विरोधात म्हणून सांगत नाही. आमच्या देवळाचं अस्तित्व गुरवांच्या तीन पिढ्यांनी टिकवलं. पण पूजेचा हक्क आणि जमिनीची मालकी या दोन गोष्टी कागदावर वेगळ्याच राहिल्या पाहिजेत.

तिसरा प्रकार देवस्थान इनामाचा, म्हणजे देवाच्या पूजेअर्चेसाठी पूर्वी इनाम मिळालेल्या जमिनीचा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या मधोमध अशा जमिनी आहेत. इथे धर्मादायबरोबर महसूल खात्याचीही परवानगी लागते. कुणी "मी करून देतो" म्हणत साठेखत पुढे केलं तर सही करू नका.

चौथा प्रकार सगळ्यात दुखरा: चौकातलं, रस्त्याकडेचं किंवा मोकळ्या भूखंडावरचं देऊळ. सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. त्याआधीच्या बांधकामांची पाहणी करून काय नियमित करायचं, काय हलवायचं, काय काढायचं याची वर्गवारी करायला राज्यांना सांगितलं गेलं. म्हणून तुमचं देऊळ त्या तारखेआधीचं असेल तर पुरावा आत्ताच जमवा. जुनं वीजबिल, उत्सवाची तारखेसह छापील पत्रिका, कोनशिला, जुने फोटो. आणि नीट लक्षात ठेवा, धर्मादायकडे नोंदणी झाली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही. ती दोन वेगळी खाती आहेत.

नवी नोंदणी

नोंदणी नसेल तर न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कलम १८ खाली अर्ज करायचा. उशीर झाला म्हणून घाबरून बसू नका, विलंबाचं कारण देऊन अर्ज करा. नोंदणी न करण्याचा तोटा मात्र मोठा आहे. कलम ३१ प्रमाणे नोंदणी न झालेल्या सार्वजनिक न्यासाच्या वतीनं हक्क मागणारा दावा कोर्ट ऐकतच नाही. कुणी देवळाच्या ओट्यावर टपरी टाकली तरी तुम्हाला दाद मागता येणार नाही.

अर्जासोबत विश्वस्त लेख किंवा घटना-नियमावली, विश्वस्तांची संमतीपत्रं, शपथपत्र, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, जागेचा उतारा, जागा दुसऱ्याची असेल तर त्याचं ना हरकत पत्र हे सगळं लागतं. मग कलम १९ खाली चौकशी होते, नोटीस निघते, कुणाची हरकत असेल तर ऐकली जाते आणि शेवटी निकाल येतो. हा निकाल म्हणजे शिक्का मारलेला दाखला नव्हे, तो अर्धन्यायिक आदेश असतो. म्हणून अर्जात मोघम लिहू नका.

नियमावली करताना लोक दुसऱ्या संस्थेची उचलतात आणि नाव बदलतात. हे करू नका. एक दुपार बसा आणि हे प्रश्न आपसात सोडवा: विश्वस्त किती? विषम संख्या ठेवा, पाच किंवा सात. मुदत किती वर्षांची? विश्वस्त वारला तर त्याच्या मुलाला आपोआप जागा की निवड? निवड कोण करणार, 'सभासद' की 'भक्त'? 'गावकरी' हा शब्द टाकलात तर गावकरी कोण हे कोण ठरवणार? आज पंचवटीत भाड्यानं राहणारा, रोज पहाटे येणारा आणि दर शनिवारी तेल वाहणारा माणूस गावकरी आहे की नाही? हे लिहून ठेवलं नाही तर वीस वर्षांनी त्याच एका शब्दावर दोन गट पडतात. पुजाऱ्याचा मोबदला, दक्षिणेचा वाटा, राहायची खोली हेही तिथेच स्वच्छ लिहा.

आणि एक गोष्ट नाशिककरांनी तरी विसरू नये. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे अनेक वर्षं नेटानं चालवला. दरवाजे तेव्हा उघडले नाहीत. १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. स्वातंत्र्यानंतर घटनेनं कलम १७ मध्ये अस्पृश्यता संपवली. कलम २५ मध्ये सार्वजनिक हिंदू देवस्थानं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करायचा अधिकार सरकारला मिळाला आणि १९५६ मध्ये आपल्या राज्यानं त्यासाठी प्रवेशाचा कायदा केला. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या निमित्तानं स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला तेव्हा याच १९५६ च्या कायद्याचा आधार घेतला गेला. तेव्हा नियमावलीत कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही असं जात किंवा स्त्री-पुरुष भेदाचं एक अक्षरही असू नये. जुन्या कागदात असेल तर ठराव करून काढा. इथे सरकार आत येतं आणि यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. ज्या गावानं हा सत्याग्रह पाहिला त्या गावातल्या देवळाच्या कागदावर असला डाग राहता कामा नये.

बदल अर्ज: नव्वद दिवसांचं गणित

आमचं छत गळलं ते यामुळे. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा निवडला, पत्ता बदलला, मिळकत वाढली किंवा कमी झाली, परिशिष्ट १ मधली कुठलीही नोंद बदलली की बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली अर्ज द्यायचा. कार्यालयात सगळे याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायची सोय आहे, पण मूळ कागद नीट लावून ठेवावे लागतात.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या, वहीमुळे. क्रम असा हवा: सभेची लेखी नोटीस, नियमावलीत जितक्या दिवसांची सांगितली आहे तितके दिवस आधी. नोटीस मिळाल्याच्या सह्या किंवा पोस्टाच्या पावत्या. विषयपत्रिकेत 'नवीन विश्वस्तांची निवड' हा विषय ठळक हवा. 'आयत्या वेळचे विषय' यात निवडणूक उरकली असेल तर अर्ज पडलाच समजा. मग हजेरीच्या सह्या, गणपूर्तीचा उल्लेख, ठराव, सूचक, अनुमोदक. जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. येणाऱ्याचं संमतीपत्र.

आमच्या जुन्या वहीत एका सभेच्या खाली लिहिलं होतं, "सर्वानुमते ठरले. प्रसाद वाटून सभा संपली." कोणत्या विषयावर ठरलं, कोण हजर होतं, काहीच नाही. त्या एका ओळीनं माझे आठ महिने खाल्ले.

जाणाऱ्या विश्वस्तांना नोटीस जाते. त्यांनी हरकत घेतली नाही तर काम सरळ होतं. घेतली तर साक्षीपुरावे होतात आणि तारखा पडत जातात. म्हणून रुसलेल्या माणसाला आधी घरी जाऊन भेटा. कोर्टातल्या दहा तारखांपेक्षा एक कप चहा स्वस्त पडतो, हे मी अनुभवानं सांगतो. मुदत उलटून गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि कारण खरं लिहा.

सगळेच विश्वस्त वारले असतील तर? आमची गत तीच होती. बदल अर्ज द्यायलाही अधिकार असलेलं कुणी उरत नाही. मग हितसंबंधी व्यक्तींनी कलम ४७ खाली नवे विश्वस्त नेमण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायचा. नेमणुकीची पद्धतच कुठे लिहिलेली नसेल तर कलम ५० ए खाली योजना, म्हणजे 'स्कीम' मंजूर करून घ्यायची. आम्ही दोन्ही केलं. आज आमच्या स्कीममध्ये मुदत, निवड, गणपूर्ती सगळं लिहिलेलं आहे.

पैसा, दानपेटी, दागिने

वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, लेखापरीक्षण होऊन अहवाल कार्यालयात गेला पाहिजे. देवळाचं उत्पन्न अगदीच किरकोळ नसेल तर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रकही वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी द्यायचं असतं. हे बहुतेक जण विसरतात.

दानपेटीची आमची पद्धत सांगतो. पेटीला दोन कुलपं, दोन विश्वस्तांकडे दोन किल्ल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी आरती झाल्यावर सभामंडपात सतरंजी टाकून पेटी उघडतो. आरतीला थांबलेल्यांपैकी दोघांना मोजायला बसवतो. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, आकडा तिथल्या तिथे वहीत, खाली पाच सह्या. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत भरतो. आधी खर्च करून उरलेली भरायची नाही. कायद्यात ही रीत अशी शब्दशः नाही, पण ही वही पाहिल्यावर आमच्या सी.ए.नं एकही शंका काढली नाही.

पैसा ठेवायचा कुठे, हे कलम ३५ सांगतं: शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारनं मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. ओळखीच्या पतसंस्थेत अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून देवाची ठेव तिथे ठेवू नका. ती बुडाली तर विश्वस्तांना वैयक्तिक जबाब द्यावा लागतो.

दागिन्यांची नोंदवही कलम ३६ बी प्रमाणे सक्तीची आहे. वर्णन, वजन, अंदाजे किंमत. 'चांदीचा मुकुट, १' असं लिहून भागत नाही. सराफाकडून वजन करून घ्या, फोटो काढा, कुणी कधी वाहिला ते लिहा.

करांचं थोडक्यात: फक्त पूजेसाठी वापरात असलेल्या भागाला महापालिकेच्या सर्वसाधारण करातून सूट मागता येते. गाळे भाड्यानं दिले असतील तर त्या भागाला नाही. आयकर खात्याची नोंदणी धर्मादायपेक्षा वेगळी असते, ती सी.ए.कडून करून घ्या. लोक ज्याला '८०जी' म्हणतात ती देणगीदाराची सवलत एका धर्मापुरत्या देवळाला सहसा मिळत नाही, तेव्हा पावतीवर तसं छापू नका. आणि नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळानं वर्गणी गोळा करण्याआधी कलम ४१ सी खाली परवानगी घ्यावी.

जमीन विकणं, भाड्यानं देणं

धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, अदलाबदल, बक्षीसपत्र यातलं काहीही वैध नाही, असं कलम ३६ सांगतं. भाडेपट्टा शेतजमिनीचा दहा वर्षांपर्यंत आणि बिगरशेती जागेचा किंवा इमारतीचा तीन वर्षांपर्यंत परवानगीशिवाय करता येतो, त्यापुढे नाही. कर्ज काढायलाही परवानगी लागते, कलम ३६ ए.

परवानगी मागताना गरज काय, न्यासाचं हित कशात, तज्ज्ञानं काढलेली किंमत किती हे दाखवावं लागतं. वर्तमानपत्रात जाहिरात आणि बंद लिफाफ्यातले देकार असतील तर अर्जाला वजन येतं. 'अध्यक्षांच्या ओळखीचा बिल्डर' हे कारण चालत नाही आणि चालूही नये.

भांडण झालं तर

कुठल्याही भक्ताला बोलायचा हक्क आहे. कायद्यातल्या 'हितसंबंधी व्यक्ती'च्या व्याख्येत देवळात पूजेला येण्याचा हक्क असलेला किंवा नेहमी येणारा माणूस बसतो. त्यासाठी सभासद असावं लागत नाही.

मालमत्तेची नासाडी होत असेल, कुणी परस्पर विकायला निघालं असेल तर कलम ४१ ई खाली मनाई मागा. विश्वस्तानं पैसा खाल्ला, वारंवार हिशोब दिलाच नाही, तर कलम ४१ डी खाली त्याला निलंबित करता येतं, काढताही येतं, अर्थात त्याचं म्हणणं ऐकून. कारभाराला दिशा हवी असेल तर ४१ ए खाली निर्देश मागता येतात. कोर्टात दावा लावायचा तर किमान दोन हितसंबंधी व्यक्ती आणि कलम ५१ खाली धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते. तक्रारीत विशेषणं घालू नका. तारीख, रक्कम, पावती क्रमांक लिहा.

निरीक्षक आले तर

आमच्याकडे एकदा आले होते. कलम ३७ प्रमाणे तपासणीला येताना वाजवी सूचना द्यायची असते आणि देवळाच्या रीतीरिवाजांचा मान ठेवायचा असतो. आलेल्या गृहस्थांनी पायरीशी बूट काढले, हात धुतले आणि सभामंडपात बसून वह्या मागितल्या. दानपेटीची वही, दागिन्यांची वही, प्रोसिडिंग, बँक पासबुक, पावतीपुस्तकांची स्थळप्रत. गाभाऱ्याकडे त्यांनी नमस्कारापुरतं पाहिलं. दोन तासांत काम झालं.

सिंहस्थाआधी

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. रस्ते रुंद होणार, घाट वाढणार, गंगेकाठच्या बऱ्याच देवळांच्या ओट्याला, आवाराला नोटिसा लागणार. मोबदला किंवा पर्यायी जागा मिळणार ती न्यासाला, आणि न्यासाच्या वतीनं सही करायची ती परिशिष्ट १ वर ज्याचं नाव आहे त्यानं. वाटाघाटीनं जागा द्यायची झाली तर ती विक्रीच समजून कलम ३६ ची परवानगी आधी घ्या. नोटीस हातात पडल्यावर चेंज रिपोर्ट टाकायला गेलात तर तुमची फाइल ढिगाच्या तळाला जाईल.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. साध्या कागदावर धर्मादाय कार्यालयाच्या नावे अर्ज लिहा: न्यासाचं नाव, नोंदणी क्रमांक, 'परिशिष्ट १ ची अद्ययावत प्रमाणित नक्कल मिळावी'. अर्जाला कोर्ट फी स्टँप लावा आणि पोचेवर आवक क्रमांक घ्या. नक्कल आली की विश्वस्तांच्या नावांसमोर पेन्सिलीनं खूण करा: कोण हयात आहे, कोण नाही.